‘साम्यवाद नको, पण भाव सरकारने ठरवावेत’ असं लोक का म्हणतात

पुण्यात कोथरूड आणि मार्केट यार्डातल्या तुमच्या सर्वेक्षणात बहुतेकांनी साम्यवाद नको म्हटलं आणि पुढच्याच पानावर सरकारी हस्तक्षेप हवा म्हटलं, म्हणून गाईड वैतागलेत. हा घोळ फार ओळखीचा आहे. नमुना कसा निवडायचा ते तुम्हाला येत असणारच, ते सोडते.

गडबड तुमच्या सातव्या प्रश्नात आहे: ‘कांद्याच्या भावात सरकारने हस्तक्षेप करावा का?’ अहो, डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी हाही हस्तक्षेप आणि नाफेडची (केंद्रासाठी कांदा घेणारी सहकारी संस्था) खरेदी हाही. निर्यातबंदीने खेड-जुन्नरच्या शेतकऱ्याचा भाव पडतो, कोथरूडच्या गिऱ्हाइकाला मात्र तीच हवी असते. दोघांचे ‘हो’ एकत्र मोजून हाती काय लागणार? हे नंतर एक्सेलमध्ये दुरुस्त होत नाही, फॉर्म पुन्हा भरून घ्यावे लागतात आणि सगळा खर्च तिथेच होतो. एका प्रश्नात एकच कृती आणि तिची झळ कोणाला, एवढंच ठेवा: ‘शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून निर्यात थांबवावी का, शेतकऱ्याचा भाव पडला तरी?’

हमालांनाही ‘कामगार कायदे’ असं मोघम विचारू नका. १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळाबद्दल विचारा: मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरचा ठरावीक टक्का) व्यापाऱ्याने मंडळात भरायची, हमालाला पैसे तिथून मिळायचे, हे असंच राहावं का? आणि व्यापारी गाळ्यावर उभा असताना तर मुळीच विचारू नका.

प्रश्नांचा क्रमही बघा. अमेरिकेत १९४८ साली विचारलं होतं, कम्युनिस्ट देशांच्या बातमीदारांना येऊ द्यावं का. थेट विचारल्यावर सुमारे ३६ टक्के ‘हो’ आले. आधी ‘रशियाने आपल्या बातमीदारांना येऊ द्यावं का’ हे विचारलं, तेव्हा ७३. म्हणून निम्म्या फॉर्मांत रेशन-माथाडीचे प्रश्न आधी, निम्म्यांत साम्यवादाचा आधी. गठ्ठे पिसून वाटा, नाहीतर एकाच पोराकडे एकाच प्रकारचे फॉर्म जातात.

४०० फॉर्म असतील तर दोन गटांतला १० टक्क्यांच्या आतला फरक धरू नका. (नमुना यादृच्छिक असेल तरच हा हिशेब, संख्याशास्त्राच्या जाणकाराला एकदा दाखवा.)

फॉर्म पुन्हा भरायला प्रभागाचा नकाशा लागला, तर त्यासाठी अर्ज करताना दोन प्रती न्या, आवक-जावकला शिक्क्याची पोच घ्या. इथल्या एका कार्यालयात, नाव घेत नाही, पोच नसली की ‘अर्ज आलाच नाही’ म्हणतात. जनतेच्या पैशाने काढलेला नकाशा जनतेलाच देताना ही तऱ्हा, याचा खरंच संताप येतो.