आधी कागद त्यांच्या हातात दे

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. मुलाखती घेतल्यास, रिक्वायरमेंटचं, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं त्याचं, डॉक्युमेंट केलंस, सह्याही झाल्या; आणि पहिल्याच डेमोला तीच माणसं म्हणाली, 'आम्हाला हे नको होतं.' आता तू विचारतेस, कुठला प्रश्न विचारायचा राहिला? प्रश्न सगळे विचारलेस. कागद द्यायचा राहिला.

रोजचं काम माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. विचारलं की तो नियम सांगतो, करायला लागला की खरं काय ते दिसतं. म्हणून आधी रिक्वायरमेंट गोळा करायच्या आणि मग डिझायनरने स्क्रीन काढायच्या, ही वाटणीच मला मान्य नाही. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच टेबलावर.

एका रुग्णालयाच्या कामात आमच्या यादीत ओळ होती, 'औषध दिल्याची वेळ नोंदवावी.' कुणाचीच हरकत नव्हती. मी परिचारिकेच्या हातात पेन्सिलीने काढलेली स्क्रीन दिली, म्हटलं, सकाळची फेरी यावर करून दाखवा. वेळेच्या चौकटीशी त्या अडल्या. 'फेरीत हात रिकामे नसतात. नोंदी मी नंतर एकदम करते. मग इथे कुठली वेळ घालू?' आणि माझ्याच हातातली पेन्सिल घेऊन शेजारी दुसरी चौकट काढली. दिल्याची वेळ वेगळी, नोंदवल्याची वेगळी. डेटाबेसमधली टेबलं बदलली, रिपोर्ट बदलले. मुलाखतीत हे कधी निघालं असतं, सांग?

ही काही माझी शक्कल नाही. 1981 ते 1985 दरम्यान स्कँडिनेव्हियातल्या युटोपिया प्रकल्पात वृत्तपत्रांचे छपाई कामगार संशोधकांसोबत संगणकाच्या लाकूड-पुठ्ठ्याच्या नमुन्यांवर पान लावून बघत होते. लेझर प्रिंटरच्या जागी रिकामं खोकं ठेवून!

'वेळ नाही' हे मला सांगू नकोस. पुन्हा कोड लिहायला वेळ मिळतोच ना? लोक मला हट्टी म्हणतात, या बैठकांत लॅपटॉप उघडू देत नाही म्हणून. पण स्क्रीन गुळगुळीत दिसली की माणसं रंगावर आणि फॉन्टवर बोलतात; तिच्यावर रेघ मारायला धजत नाहीत. कच्च्या कागदावर बिनधास्त मारतात. त्या रेघेसाठी तर आपण जायचं.

सुरक्षा, लोड (एकाच वेळी किती माणसं वापरणार ते), बॅकअप कागदावर उगवणार नाहीत, ते वेगळं विचार. डॉक्युमेंटही लागेलच, कराराला लागतं. प्रत्येक रिक्वायरमेंटखाली त्या खाडाखोड केलेल्या कागदाचा फोटो लाव, म्हणजे ती कुठून आली यावर वाद राहणार नाही.

आता डेमोत सर्वांत जास्त ओरड झालेली स्क्रीन घे, हाताने काढ आणि ती रोज वापरणाऱ्या माणसासमोर ठेव. त्याच्या साहेबांना त्या खोलीत बसवू नकोस. पेन्सिल त्याच्याकडे दे आणि तू गप्प बस. काय निघालं ते मला लगेच कळव.