शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात खाणे, खरेदी आणि सुटीचे दिवस

सावंतवाडीहून मराठीच्या एम. ए. साठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत: मेसच्या जेवणाचा कंटाळा आला तर जवळपास कुठे जेवावे, लागणारे सामान कोठून घ्यावे आणि सुटीच्या दिवशी मन रमेल असे काय आहे. तिखट फारसे सोसत नाही आणि महिन्याच्या खर्चाला मर्यादा आहे, हेही त्यांनी कळवले आहे. मी याच विद्यापीठात शिकलो, वसतिगृहात राहिलो आणि पुढे याच शहरात स्थायिक झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात कुठे जायचे हे ठरवण्याआधी केव्हा जायचे हे ठरवावे लागते. मिसळ ही सकाळची, रस्सा दुपारचा, भेळ संध्याकाळची आणि कट्ट्यावरचे दूध रात्रीचे, अशी या गावाची रीत आहे. नामांकित मिसळीच्या ठिकाणी दुपार उलटल्यावर गेलात तर बहुधा भांडी घासण्याचे काम चाललेले दिसेल. बाजारपेठेतील पुष्कळ दुकानांची साप्ताहिक सुटी सोमवारी असते, तेव्हा खरेदीसाठी शक्यतो तो दिवस टाळावा.

विद्यापीठ शहराच्या पूर्वेला, सागरमाळाच्या उंचवट्यावर आहे आणि आवार सुमारे 850 एकरांचे आहे, त्यामुळे नुसते फाटकापर्यंत चालत येण्यातही बराच वेळ जातो. फाटकातून बाहेर पडून सायबर चौक ओलांडला की राजारामपुरी लागते आणि तुमचे रोजचे निम्मे व्यवहार तिथेच होतील. गल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक असल्याने नवख्या माणसालाही पत्ता सापडतो. वह्या, झेरॉक्स, बेकरी, औषधे, चष्मा, कपडे, मोबाइलची दुरुस्ती हे सारे मुख्य रस्त्यावर आणि लगतच्या गल्ल्यांत मिळते. संध्याकाळी डोसा, पावभाजी, सँडविच यांच्या गाड्या लागतात. दावणगिरी लोणी डोसा हा त्यातला माझ्या मते सर्वांत भरवशाचा पदार्थ आहे, कारण तो तव्यावरून थेट ताटलीत येतो, पोट भरतो आणि तिखट नसतो.

मेसविषयी आधी सांगतो, कारण खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. सायबर चौक, राजेंद्रनगर आणि राजारामपुरीच्या मागच्या गल्ल्यांत घरगुती मेस पुष्कळ आहेत आणि डबा पोहोचवणाऱ्या बायकाही आहेत. पैसे महिन्याच्या वर आगाऊ देऊ नयेत. आधी दोन-तीन वेळा पैसे मोजून जेवून पाहावे, भाकरी रोज मिळते की ठराविक दिवशीच, तेल किती वापरतात आणि गावी गेल्यावर खाडा धरतात का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडाधोडाचे किंवा सामिष जेवण देतात आणि संध्याकाळी बंद असतात. रविवारची संध्याकाळ बाहेर खाण्यासाठी आपोआपच राखलेली असते, असे समजून महिन्याचा हिशेब मांडावा.

आता मिसळ. फडतरे यांची मिसळ शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे राजारामपुरीला लागूनच आहे. लेथ आणि फौंड्रीच्या कारखान्यांच्या या वस्तीत सकाळी कामगार, विद्यार्थी आणि परगावचे पाहुणे एकाच रांगेत उभे असतात. ताटलीत आधी मटकीची उसळ, वर बटाटा, शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि त्यावर मोठ्या पातेल्यात उकळत ठेवलेला लालभडक कट ओततात. सोबत पावाऐवजी जाड कापलेले स्लाइस ब्रेड येतात. रंग पाहून घाबरू नये. चांगल्या कटाचा झणझणीतपणा मसाल्याचा असतो, तो जिभेवर येतो आणि उतरतो. घशात जाळ राहिला तर तो कट चांगला नव्हे. तरीही पहिल्या दिवशी कट वेगळा मागवावा, थोडा थोडा घालून पाहावा आणि दही घ्यावे. कसबा बावड्यातील बावडा मिसळ थोडी लांब आहे, पण तिची चव वेगळी आहे आणि एखाद्या सुटीच्या सकाळी मुद्दाम जाण्याजोगी आहे. या दोन्हींत श्रेष्ठ कोणती, यावर इथल्या घराघरांत वाद आहेत. माझा कौल बावड्याकडे आहे. नाश्त्यासाठी कटवडाही लक्षात ठेवावा; एवढ्या मोठ्या वड्यानंतर दुपारच्या जेवणाची घाई राहत नाही.

तांबडा-पांढरा रस्सा खाण्यासाठी तिखट न सोसणाऱ्यांनी पांढऱ्यापासून सुरुवात करावी. मटण शिजवताना निघणाऱ्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस, काजू यांचे वाटण घालून तो करतात आणि नीट केलेला पांढरा रस्सा वाटीने प्यावा असा असतो. तांबड्यात कांदा-लसणाची चटणी पडते, म्हणून तो भाकरीबरोबर, चमच्या-चमच्याने घ्यावा. थाळीत सुके मटण मोजून येते, रस्सा मात्र बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, त्यामुळे एवढा खर्च करून उपाशी उठलो असे कधी होत नाही. मोठ्या, पाटीवर दिवे लावलेल्या हॉटेलांपेक्षा घरगुती खानावळी बऱ्या, हे मी अनेक वर्षे खाऊन सांगतो. पर्यटकांसाठी रंग आणि तेल वाढवलेला रस्सा हा कोल्हापूरच्या घरातला रस्सा नाही. थाळी विद्यार्थ्याच्या खिशाला रोज परवडणारी नाही, ती महिन्यातून एकदा, चौघींनी मिळून जाऊन खावी. तुम्हाला माशांची सवय असणार, आणि मासळी इथेही मिळते. पण घाटावर येईपर्यंत ती ताजी राहिलेली नसते. मासे सुटीत घरी गेल्यावर खावेत आणि इथे आहात तोवर मटणाला न्याय द्यावा, असे मला मनापासून वाटते.

शहराचा जुना भाग विद्यापीठापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस मिळते आणि तिघी-चौघी असाल तर रिक्षाही परवडते. खासबाग मैदानाजवळची राजाभाऊंची भेळ ही तिथली पहिली ओळख असू द्या. चिरमुरे, फरसाण, चिंचेचे पाणी, कांदा, कैरीच्या दिवसांत कैरी, असे साधेच साहित्य असते, पण भेळ हातात पडल्यावर लगेच खायची असते. पार्सल करून वसतिगृहात नेली तर चिरमुरे मऊ पडतात आणि सारी मजा जाते. भेळ घेऊन ज्या मैदानाशेजारी उभ्या राहाल, ते राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि 1912 मध्ये सुरू झालेले कुस्त्यांचे खासबाग मैदान आहे. त्याला लागूनच 1915 चे पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले, आणि त्या रात्री या गावातली अनेक माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. तुम्ही मराठी शिकायला येत आहात, म्हणून त्या वास्तूसमोर थोडा वेळ थांबावे अशी विनंती आहे.

गंगावेशीतला दुधाचा कट्टा हा प्रकार तुम्हाला दुसरीकडे क्वचितच दिसेल. संध्याकाळनंतर गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला येतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेले कोमट दूध पेल्यात भरून देतात. पैलवानांच्या गावाची ही जुनी सवय आहे. हे दूध तापवलेले नसते, त्यामुळे ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी ते पिऊ नये आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तर कुणीच हा प्रयोग करू नये. नुसते पाहायला जाण्यातही आनंद आहे.

खरेदीचे म्हणाल तर बादली, चटई, दोरी, कुलूप, पाण्याची बाटली यांसाठी पहिल्या दिवशी राजारामपुरीतच जावे, कारण त्या दिवशी वेळ पैशापेक्षा महत्त्वाचा असतो. भाजी, फळे, कडधान्ये आणि किरकोळ वस्तू स्वस्तात हव्या असतील तर लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार आहे. खोली भाड्याने घेऊन स्वयंपाक करणाऱ्या मुली आठवड्याची भाजी तिथूनच आणतात. कपड्यांसाठी महाद्वार रोड आणि ताराबाई रोड हा अंबाबाईच्या मंदिराभोवतीचा भाग चांगला. तिथे घासाघीस चालते, मात्र नवरात्रात त्या बाजूला खरेदीसाठी फिरकू नये, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. वातानुकूलित मॉल आणि चित्रपटगृह हवे असेल तर कावळा नाक्याकडे डीवायपी सिटी मॉल आहे. त्याविषयी निराळे सांगण्यासारखे काही नाही, कोणत्याही शहरातल्या मॉलसारखाच तो आहे.

कोल्हापुरी चपलांविषयी मात्र सावकाश सांगायला हवे. प्रवेश पावसाळ्यात होतात, पालक सोडायला येतात आणि जाताना हौसेने मुलीला चपलांचा जोड घेऊन देतात. हा जोड महिनाभरात खराब होतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे कातडे पाण्यात भिजले की फुगते, टाके सैल होतात आणि बुरशी धरते. म्हणून चपला दसऱ्यानंतर घ्याव्यात. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये गेल्यावर जोड हातात घेऊन उलटा करावा. अस्सल चपलेचा तळ कातड्याच्या थरांचा असतो आणि शिलाई कातड्याच्याच बारीक वादीने केलेली असते. खिळे, रबराचा तळ किंवा कापडाचा गाभा दिसला तर ती चप्पल केवळ नावाची कोल्हापुरी आहे. वेणी, म्हणजे वरची विणलेली पट्टी, आणि कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, नीट बसले आहेत का ते पाहावे. माप किंचित घट्टच घ्यावे, कारण कातडे पायाबरोबर सैलावते, आणि पहिले काही दिवस थोडे तेल लावून खोलीतच वापरावी. 2019 मध्ये या चपलांना भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून ते आहे. मानांकनाने कारागिराचे घर चालत नाही, आपण योग्य किंमत दिली तर चालते, म्हणून इथे तरी फार घासाघीस करू नये.

विरंगुळ्यासाठी लांब जाण्याआधी आवार पाहून घ्यावे. सकाळी लवकर उठलात तर तळ्यांच्या बाजूला पक्षी दिसतात आणि मोरांचे ओरडणे ऐकू येते. फिरायला येणाऱ्या शहरवासीयांमुळे त्या वेळी रस्त्यांवर वर्दळ असते, त्यामुळे एकटे फिरायलाही हरकत नाही. जवळच राजाराम तलाव आहे. आवारातच वि. स. खांडेकर स्मृतिसंग्रहालय आहे आणि ते तुम्ही पहिल्याच महिन्यात पाहावे. तुमच्या सावंतवाडीजवळच्या शिरोड्याला खांडेकरांनी 1920 पासून शिक्षकाचे काम केले आणि 1938 मध्ये ते कोल्हापूरला आले. म्हणजे तुम्ही ज्या वाटेने येत आहात, त्याच वाटेने पुढे ज्ञानपीठ मिळवणारा लेखक या गावात आला. अभ्यासासाठी बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहेच, पण जुन्या कथा-कादंबऱ्यांसाठी शहरातील करवीर नगर वाचन मंदिराचेही सभासद व्हावे. 1850 मध्ये स्थापन झालेली ही संस्था आहे आणि तिथल्या कपाटांत काय सापडेल याचा नेम नाही. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात व्याख्याने, प्रदर्शने सतत चालू असतात. त्याच परिसरात जुनी विद्यार्थी वसतिगृहे आहेत. शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी जी वसतिगृहे उभी केली, त्यांमुळे परगावच्या विद्यार्थ्याला सांभाळून घेण्याची सवय या शहराला शंभर वर्षांहून जुनी आहे.

हिवाळा सुरू झाला की शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि तो एकदा तरी पाहावाच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. सामना असला की ती पेठच्या पेठ मैदानावर लोटते. समर्थकांत कधी कधी बाचाबाची होते, म्हणून मैत्रिणींबरोबर जावे, कडव्या समर्थकांच्या घोळक्यात न बसता कडेला बसावे आणि सामना संपण्याच्या थोडे आधी निघावे. टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या आत ग्रीक समुद्रदेवता कशी आली, हे समजून घेण्यासाठी तरी तिथे जावे. रंकाळ्याच्या चौपाटीवर संध्याकाळ चांगली जाते, एवढे सांगितले तरी पुरे.

दिवसभराच्या सहलीसाठी पन्हाळा आणि जोतिबा आहेत, दोन्ही वीस किलोमीटरच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वर्तमानपत्रात पाहावी: 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरतात. पंचगंगा त्या आकड्याच्या जवळ आली की नदीपलीकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि पलीकडे अडकले तर परतणे अवघड होते. विद्यापीठ उंचावर असल्याने तिथे पुराची भीती नाही, त्या दिवसांत आवारातच राहावे. पाऊस नसताना महामार्गाने कणेरी मठ जवळ पडतो. तिथले सिद्धगिरी संग्रहालय, जुन्या खेड्यातले बलुतेदार आणि त्यांची कामे पुतळ्यांतून दाखवणारे, अर्ध्या दिवसात पाहून होते.

मुलींच्या वसतिगृहाचे फाटक रात्री ठरलेल्या वेळी बंद होते. गंगावेशीचे दूध किंवा शाहू स्मारकातले व्याख्यान असे काही ठरले असेल तर वेळेचा नियम आधी कार्यालयात विचारून घ्यावा, शेवटच्या बसवर विसंबू नये आणि परतीच्या रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवावेत.