पोट फक्त मंगळवारी आणि शुक्रवारीच दुखतं

"मॅडम, सुट्टीच्या दिवशी याचं पोट अजिबात दुखत नाही. म्हणजे नाटकंच ना?"

सहावीतल्या एका मुलाचे वडील विचारत होते. (तपशील बदलले आहेत.) शाळेत समुपदेशन करणाऱ्यांना हा प्रश्न काही नवा नाही.

नाटक नसतं. ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, मळमळतं, कळ येते. ते दुखणं खरंच असतं. मात्र ताप, उलट्या, वजन घटणं, झोपेतून उठवणारी कळ असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग मी. याच्या तपासण्या झालेल्या होत्या.

पहिल्या भेटीत मीच चुकले. समोर बसवून "कोणी रागावतं का? अभ्यास जड जातो का?" असं विचारत सुटले. तो पंख्याकडे बघत "माहीत नाही" म्हणत राहिला. इतक्या वर्षांनंतरही घाई होते ती होतेच.

दुसऱ्या वेळी त्याच्या शेजारी बसले. टेबलावर वर्गाच्या वेळापत्रकाची झेरॉक्स आणि तीन खडू. आवडतं ते हिरवं, ठीकठाक ते पिवळं, नको वाटतं ते लाल. वर्गशिक्षिकेचा आणि माझाही संशय गणितावर. गणित हिरवं झालं! सगळे चौकोन भरले तरी लाल खडू तसाच पडून. मग त्यानं तो उचलला आणि मंगळवारच्या चौथ्या-पाचव्या तासामधली रेघ गिरवली. शुक्रवारचीही. कागद फाटेपर्यंत.

"ही तर नुसती रेघ आहे."

"जिना आहे," तो म्हणाला.

संगणकाच्या तासाला वर जाताना आठवीतली तीन मुलं खाली उतरायची. टपल्या, पाय आडवा घालणं, "ए ढोल्या". सगळं मिळून मिनिटभराचं.

हे माझ्यापाशीच ठेवता येणार नाही, असं त्याला तिथेच सांगितलं. आधी कोणाला सांगायचं, ते त्यानं ठरवलं: वर्गशिक्षिकेला. "बाबांना तुम्हीच सांगा."

आठवीचा वर्ग पाच मिनिटं उशिरा सोडायचं ठरलं. सहावीच्या रांगेमागे बाई चालू लागल्या. त्या तिघांशी मी वेगवेगळं बोलले. समोरासमोर माफी मागायला लावत नाही मी. पुढच्या जिन्यावर तिची वसुली होते. घरी शून्य ते दहाची पट्टी दिली. "दुखतंय का?" विचारायचं नाही, "आज किती?" विचारायचं. शाळा मात्र बुडवायची नाही, कारण एक मंगळवार चुकवला की पुढचा आणखी अवघड होतो.

दीड महिना झाला. एखाद्या मंगळवारी अजून दुखतं. वडील दारातून विचारतात, "आज किती?"

"तीन," म्हणत तो बुटाची नाडी बांधायला बसतो.