अब्राकाडाब्रा मूळचा कुठला, आणि तो नेमका कसा वापरायचे?

तुम्ही विचारलंय की ‘अब्राकाडाब्रा’ आला कुठून आणि जुन्या काळी तो मंत्र म्हणून कसा वापरत. दुसऱ्या भागाचं उत्तर पक्कं देता येतं, म्हणून आधी तेच.

हा शब्द सर्वांत आधी सापडतो तो ताइतावर लिहायचा शब्द म्हणून, आणि तोही तापासाठी. रोमन काळातल्या क्विंटस सेरेनसने लॅटिन पद्यात घरगुती उपचारांचा ग्रंथ लिहिला, त्यात ही कृती आहे. अंगात मुरलेला आणि दिवसाआड उसळणारा ताप, म्हणजे आपल्याकडे ज्याला हिवताप म्हणतील तसा, हा तिचा विषय. पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदावर, पूर्ण शब्द लिहायचा. खालच्या ओळीत शेवटचं अक्षर गाळून तोच शब्द. असं करत शेवटी एकच अक्षर उरतं आणि आकृती निमुळती होते. मग ती जवसाच्या धाग्याने गळ्यात बांधायची. शब्द झिजतो तसा ताप झिजावा, ही त्यामागची कल्पना. याच जागी सेरेनस सिंहाच्या चरबीचाही उपाय सांगतो, म्हणजे त्याच्या लेखी ताईत आणि औषध एकाच पंगतीत बसतात. (आज असा ताप आला तर आधी रक्त तपासून घ्या.)

लिहिताना चुकतं ते इथे. रोमन लिपीत शब्द ११ अक्षरांचा: ए-बी-आर-ए-सी-ए-डी-ए-बी-आर-ए. ओळी ११, एकूण अक्षरं ६६. देवनागरीत अ-ब्रा-का-डा-ब्रा अशी पाचच अक्षरं होतात, पाच ओळींत खेळ संपतो, म्हणून रोमन लिपीतच लिहा. ओळी डावीकडून सरळ लावल्या तर पडताळा सोपा आहे: प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर खालून वर वाचत जा, पूर्ण शब्द मिळाला पाहिजे. मिळाला नाही तर कुठेतरी अक्षर सुटलंय किंवा ओळ दोनदा आलीय. काही जण दोन्ही टोकांची अक्षरं गाळतात. त्याने सहाच ओळी होतात आणि हा पडताळाही लागत नाही. ती सेरेनसची रीत नव्हे. नऊ दिवस बांधून ताईत पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीत टाकायचा, ही भरही त्याच्या ओळींत नाही. ताईत मात्र शतकानुशतकं टिकला: १६६५च्या लंडनच्या प्लेगमध्ये लोक हा त्रिकोण बाळगत, असं इंग्रज लेखक डॅनियल डिफोने १७२२ साली लिहिलंय.

आता उगम. ‘मी बोलतो तसं घडतं’ असा अरामी (मध्यपूर्वेतली एक प्राचीन भाषा) अर्थ सगळीकडे फिरतो, पण त्याला कुठल्याही प्राचीन लेखाचा आधार नाही. माझ्या मते अर्थ शोधण्यापेक्षा तंत्राची भावंडं पाहणं जास्त उपयोगी. तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथामध्ये रात्रीचं पाणी पिणाऱ्याला आंधळं करणाऱ्या शब्रीरी नावाच्या भुतावर हाच तोडगा आहे, फक्त तिथे शब्द पुढून तोडतात आणि तो मोठ्याने म्हणतात: शब्रीरी, ब्रीरी, रीरी, ईरी, री. इजिप्तमधल्या ग्रीक जादूच्या पपायरसांतही ‘अब्लानाथानाल्बा’सारखे, उलटसुलट सारखेच वाचले जाणारे शब्द असेच ओळीओळीने कमी करत नेलेले दिसतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडच्या या मंडळींत ही रीत रूढ होती आणि सेरेनसचा शब्द त्याच घरातला, असं मला वाटतं.