गिअरबॉक्स खोलायच्या आधी स्पीड सेन्सर बघ

गिअर झटका देऊन पडतोय आणि त्याच वेळी स्पीडोमीटरचा काटा पण नाचतोय ना, मग गिअरबॉक्स खोलायला लगेच हो म्हणू नकोस, आधी गाडीचा वेग मोजणारा स्पीड सेन्सर बघ. स्कॅनरवर पी०५०० कोड (स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा) आला म्हणजे सेन्सर गेलाच असं नाही, कनेक्टर काढून बघ, पिनांवर हिरवट गंज नाहीतर आत ऑइल शिरलेलं असतं बऱ्याचदा. मग जमिनीवरच्या टायरला ओट (अडसर) लावून एकच ड्राइव्ह व्हील (इंजिन फिरवतं ते चाक) उचल, स्टँड लाव, इंजिन बंद, न्यूट्रल, आणि चाक हाताने फिरव. दोन्ही उचललीस तर दुसरं चाक उलटं फिरतं आणि सेन्सरला काही कळतच नाही, इथेच लोक फसतात. दोन वायरचा सेन्सर असेल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर, जोरात फिरवलं की आकडा वाढायला हवा, तीन वायरचा असेल तर इग्निशन ऑन करून आधी सप्लाय आणि अर्थिंग तपास, मग सिग्नल खाली-वर होतोय का बघ. नसेल होत तर सेन्सर काढून त्याचा प्लास्टिकचा गिअर झिजलाय का बघून घे, काही गाड्यांत असतो तो.