खानापूरला राहतो, मारुती जिप्सीला दोन इंचाचा लिफ्ट (गाडी उंच करायचं काम) घरच्या घरी बसवता येईल का?

जमतंय की. दोघं जण, दोन जॅक, चार घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणि अख्खा रविवार पाहिजे.

पण तुम्ही लिहिलंय की जांबोटीकडच्या शेताच्या वाटेवर गाडी खाली घासते. नेमकं काय घासतंय ते आधी वाकून बघा. लिफ्टनं चेसीस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते, चाकं जोडणारा एक्सल आहे तिथंच राहतो. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला डिफरन्शियल (एक्सलवरचा गोळा) टेकत असेल, तर ते फक्त मोठ्या टायरनं वर येतं. लिफ्ट त्या टायरला जागा करून देतो, एवढंच.

नुसते लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्याचं टोक चेसीसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावून भागवू नका. दोन इंच लांब शॅकल लावला तर गाडी एकच इंच उचलते, शिवाय एक्सल कलतो, कॅस्टर (पुढची चाकं ज्या आसावर वळतात त्याचा मागं-पुढं कल) बिघडतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. जुन्या पाट्यांना ठोकून कमान वाढवून देणारे आपल्याकडं आहेत. स्वस्तात होतं, पण काही महिन्यांत पाटे परत बसतात. नवीन पाटे आणि त्या मापाचे लांब शॉकॲब्सॉर्बर घ्या.

आपल्याकडच्या पावसानं पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री तेल मारून ठेवा. काढलेले यू-बोल्ट परत लावायचे नाहीत, नवीनच आणायचे. घोड्या चेसीसखाली आणि जॅक एक्सलखाली, म्हणजे एक्सल हवा तसा वर-खाली करता येतो. पाट्याच्या टोकातल्या रबरी बुशचे बोल्ट सुरुवातीला ढिलेच ठेवा. गाडी चाकांवर उतरवून वजन पडल्यावर आवळा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.

आता ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी. इथं मी स्वतः माती खाल्ली आहे. पाटे बसवून झाले, गाडी रुबाबदार दिसायला लागली, आणि मी त्याच आनंदात कणकुंबीच्या बाजूला गेलो. एका चरीत पुढचं चाक लोंबलं, होज ताणला आणि फाटला. ब्रेकचं पेडल खोल गेलं. फोर-लो मध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी) पहिल्या गियरवर रांगत डांबरी रस्ता गाठला. जुना होज वापरून शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलो होतो, दुसरं काय! म्हणून चेसीस उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टीअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवा आणि होज बघा. जरा जरी ताणलेला दिसला तर लांब होज घाला. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलकडं जोर नेणाऱ्या दांड्याचा) सरकता जोड किती बाहेर आलाय तेही बघून घ्या.

स्टीअरिंग व्हील तिरकं होणार, ते ड्रॅग लिंकनं (स्टीअरिंगकडून चाकाकडं जाणाऱ्या दांड्यानं) सरळ करायचं. शे-दोनशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट परत आवळा.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. आपल्याला एकीकडं चंदगड, म्हणजे महाराष्ट्र, दुसरीकडं गोवा. कुठला पोलीस कधी थांबवेल सांगता येत नाही, आणि अपघात झाला तर विमावाले आधी हेच बघतात. कामाआधी आरटीओत आणि विम्याच्या ऑफिसात विचारून या.

दोन इंचाच्या वर मी जाणार नाही. चोर्ला घाटाच्या वळणावर उंच गाडी किती कलते ते एकदा बघितलंय, पुरे झालं. आणि हो, हेडलाइट खाली करून घ्या. समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि तो शिव्या घालतो, मराठीत, कन्नडमध्ये, कोंकणीतसुद्धा.