दवाखान्यांचा कचरा उचलणारी कंपनी संबंधितांशी संवाद कसा ठेवते?

तुम्ही विचारलंय की जिल्ह्यातल्या दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या कंपनीत रुजू झालात, ‘सर्व संबंधितांशी संवाद’ हे काम तुमच्याकडे आलं, तर सुरुवात कुठून करायची.

सुरुवात वॉर्डातल्या मावशींपासून करा. पिशवीला गाठ त्या मारतात. तुमचे बाकीचे सगळे संबंधित, म्हणजे डॉक्टर, गाडीवरची मुलं, भट्टीचा ऑपरेटर, शेजारचं गाव आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्या पिशवीत काय पडलं याचे परिणाम भोगतात.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिशव्या-डब्यांचे रंग चार आहेत. रक्ताने माखलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या बाटल्या व नळ्या, युरिन बॅग, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या डब्यात. पिवळ्यातलं भट्टीत जळतं. लाल ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने) निर्जंतुक होऊन, श्रेडरमध्ये तुकडे होऊन पुनर्वापराला जातं. आता युरिन बॅग किंवा सलाईनचा सेट पिवळ्यात पडला, तर त्यात बहुधा पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) असतं आणि पीव्हीसीत क्लोरीन. ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ वाढते, डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होण्याचा धोका वाढतो, चिमणीवरच्या सतत मोजणाऱ्या यंत्राचा ऑनलाइन आकडा चढतो आणि मंडळाची विचारणा येते. उलट सुई लाल पिशवीत गेली, तर ती तुमच्याच माणसाच्या हातात घुसते.

म्हणून प्रशिक्षण सभागृहात घेऊ नका. तिथे मेट्रन आणि मॅनेजर येतात, मावशी कामावरच असतात. शिफ्ट बदलताना वॉर्डातच, डब्यांशेजारी, पंधरा-वीस मिनिटं बोला. खऱ्या वस्तू (न वापरलेल्या) हातात द्या आणि कुठल्या डब्यात जाईल ते त्यांनाच टाकायला सांगा. तक्ता मराठीत आणि चित्रांचा हवा, आणि डब्याच्या वर लावायचा. नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावलेला कोणी पाहत नाही. रात्रपाळी सोडू नका, बहुतेक मिसळामिसळ तिथेच होते. सफाईचे लोक कंत्राटदार बदलला की बदलतात, त्यामुळे हे वर्षातून एकदा करून भागत नाही.

दवाखान्याच्या मालकाशी बोलणं मुख्यतः दर आणि वेळ यांवर होतं. दर खाटेप्रमाणे असेल तर कचरा कमी करण्यात त्यांना रस राहत नाही, जेवणाचं खरकटंही पिवळ्या पिशवीत येतं. दर किलोप्रमाणे असेल तर उलटा त्रास: वजन कमी दिसावं म्हणून थोडा माल गुपचूप पालिकेच्या घंटागाडीत जातो. दोन्ही पद्धतींचा हा धोका करारावेळीच स्पष्ट बोला. वजन दवाखान्याच्या माणसासमोर, चालू काट्यावर करा, पिशवीवरचा बारकोड तिथेच स्कॅन करा आणि नोंद त्याच्या मोबाईलवर लगेच जाऊ द्या. महिनाअखेरच्या बिलावरची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

वेळेचं म्हणाल तर अवयव, माखलेला कचरा वगैरे प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. रविवार असो की दिवाळी, गाडी गेलीच पाहिजे. गाडी बिघडली तर दवाखान्याचा फोन येण्याआधी तुमचा गेला पाहिजे, पर्यायी गाडी किती वाजता येईल ते सांगून. लहान दवाखाने, दंतवैद्य, पॅथॉलॉजी लॅब, पशुवैद्य यांना एकेकटं गाठण्यापेक्षा आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशन) स्थानिक शाखेसारख्या त्यांच्या संघटनेच्या बैठकीत वेळ मागा. लॅबवाल्यांना वेगळं सांगावं लागतं, कारण प्रयोगशाळेचा सूक्ष्मजैविक कचरा आणि रक्तपिशव्या त्यांनी स्वतः निर्जंतुक करूनच तुमच्याकडे द्यायच्या असतात, आणि हे अनेकांच्या लक्षात नसतं.

दर महिन्याला प्रत्येक दवाखान्याला एक पानी पत्र पाठवा: रंगनिहाय वजन आणि मागच्या महिन्याशी तुलना. रुग्ण तितकेच असताना लाल पिशवीचं वजन अचानक घटलं, तर सलाईनच्या बाटल्या भंगारवाल्याकडे जात असण्याची शक्यता मोठी असते. हे शांतपणे आकडा दाखवून विचारा, आरोप करून नको. मिसळलेला कचरा येत राहिला तर आधी तोंडी, मग बारकोड आणि फोटोसह लेखी कळवा. पिशवी उघडून तपासायला माणसांना कधीही सांगू नका. मात्र यात आठवडे घालवू नका. कचरा वेगळा न करणाऱ्या दवाखान्याची माहिती मंडळाला ताबडतोब देणं हे नियमानेच केंद्रचालकाचं, म्हणजे तुमच्या कंपनीचं, कर्तव्य आहे. ग्राहक तुटेल म्हणून ते टाळणं मला मान्य नाही, कारण त्याची किंमत गाव आणि कामगार मोजतात.

गावाशी नातं सगळ्यात अवघड. प्रकल्पाला जनसुनावणी लागू असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवसांची सूचना, मराठी सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीचं अध्यक्षपद आणि चित्रीकरण हे सगळं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा गावात पाऊल टाकलंत तर उशीर झाला. बांधकामाआधी आसपासच्या विहिरींचं पाणी ग्रामपंचायतीच्या माणसांसमोर घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा आणि निकालाची प्रत पंचायतीत द्या. पुढे कोणी पाणी बिघडल्याचं म्हटलं, तर तुलनेला दोघांपाशी एकच कागद असतो.

लोक विचारतात ते प्रश्न ठरलेले आहेत: धूर, वास, राख. उत्तरं नेमकी द्या. भट्टीचा पहिला कक्ष किमान ८०० आणि दुसरा किमान १०५० अंश सेल्सिअसला (५० अंश अलीकडे-पलीकडे) चालतो, वायू दुसऱ्या कक्षात किमान २ सेकंद राहतो, चिमणी किमान ३० मीटर उंच असते. काळा धूर दिसतो तो बहुधा तीन कारणांनी: दुसरा कक्ष पुरेसा तापण्याआधी माल टाकला, एकदम जास्त टाकला, किंवा ओला माल गेला. तिन्ही चुका ऑपरेटरच्या आहेत आणि तिन्ही थांबवता येतात, हे गावाला मोकळेपणाने सांगा. राख धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात जाते. महाराष्ट्रात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. तिच्या पाठवणीच्या पावत्या दाखवायला काही हरकत नसावी. चिमणीची तपासणी दर तीन महिन्यांनी आणि डायॉक्सिनची वर्षातून एकदा होते; अहवाल पंचायतीला द्या, मर्यादा शेजारी छापून (डायॉक्सिनसाठी ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू, म्हणजे एकूण विषारीपणाच्या मापात, प्रति घनमीटर, धुळीसाठी ५० मिलिग्रॅम), नाहीतर आकडा कोणाला काही सांगत नाही.

तक्रारवहीत तारखेसोबत तास-मिनिट आणि वाऱ्याची दिशा लिहा. मग त्या वेळचा ऑनलाइन आलेख काढून दोन-तीन दिवसांत तक्रारदाराला घरी जाऊन दाखवा. चूक आपली निघाली तर तेही सांगा. गणपतीला वर्गणी, शाळेला वह्या दिल्याने हे काम होत नाही. गावकरी त्यातला फरक ओळखतात.

मंडळाशी वागताना बातमी तुमच्याकडून आधी जावी. गाडी उलटणं, आग, स्फोट हे मोठे अपघात धरले जातात: लगेच कळवायचं आणि २४ तासांत नियमांतल्या नमुना १ मध्ये लेखी द्यायचं. सुई टोचण्यासारखे लहान प्रसंगही नोंदवून वार्षिक अहवालात, नमुना ४ मध्ये, ३० जूनपर्यंत जातात. वर्षभरात एकही सुई टोचल्याची नोंद नसेल, तर माणसं सांगायला घाबरतात असं समजून चौकशी करा.

गाडीवरच्या आणि प्लान्टमधल्या माणसांना हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) आणि धनुर्वाताची लस द्या. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, जखम पिळायची नाही आणि तडक नेमून दिलेल्या रुग्णालयात जायचं; एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. त्या रुग्णालयाचं नाव आणि नंबर प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये लावा आणि त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही हे लेखी द्या.